बटूची तीन पावलं

पूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत भाचे मामाकडे आंबे खायला यायचे. आता शिबिराला येतात. त्यातून मामा पुण्यात राहत असेल तर विचारायलाच नको. एप्रिल उजाडला की या शहरात रिकामं मूल दिसणं हा पालकांचा अपमान समजला जातो. सुलेखन, वैदिक गणित, मोडी लिपी, मल्लखांब, रोबो बनवणं, घोड्यावर बसणं, बसल्यावर न पडणं, सगळ्याचं शिबिर आहे. मुलांना गच्चीत नुसतं पडून राहायला शिकवणारं शिबिर तेवढं अजून निघायचंय. निघालं की त्याची फी सगळ्यांत जास्त असेल.

तर कराडहून ताईचा फोन आला. "अरे, याला तुझ्याकडे पाठवतेय. त्याला त्या बास्केटबॉलला घाल. उंची वाढते म्हणे."

हे "म्हणे" महाराष्ट्रात फार जुनं आणि फार चिवट आहे. खरं म्हणजे या खेळात उंच मुलं टिकतात, ठेंगणी गळतात आणि शेवटी कोर्टवर उंच तेवढे उरलेले पाहून लोक म्हणतात, बघा, खेळून खेळून पोरं कशी उंच झाली! उंचीचा मोठा भाग माणूस आईबापांकडून घेऊन येतो, उरलेला खाण्यापिण्यावर आणि आजारपणांवर ठरतो. आता आमची ताई देवघरातला वरचा दिवा लावायला पाटावर चढते आणि भाऊजींना एसटीत रॅकवर पिशवी ठेवायची असली की कंडक्टर उठतो. वारसा असा भरभक्कम असताना भाच्याकडून वेगळी अपेक्षा करणं हे निसर्गावर अविश्वास दाखवण्यासारखं आहे. पण ताईला हे फोनवर कसं सांगणार? मी "पाठव" म्हणालो.

भाचा आला. वय बारा. उंची चार फूट पाच इंच, तीही केस ओले करून वर विंचरले तर. त्याला स्वतःला उंचीबद्दल काहीच म्हणायचं नव्हतं. त्याला बास्केटबॉलपटू स्टेफन करी व्हायचं होतं. मोबाइलवर त्याने करी एवढ्या वेळा पाहिला होता की करी तोंडातलं माउथगार्ड कधी चावतो तेही त्याला पाठ होतं. आणि त्याची अशी ठाम समजूत होती की करी बुटका आहे. ती चूक त्याची नव्हे. सात-सात फुटांच्या माणसांत उभा केला की कुणीही बुटकाच दिसतो. हा बुटका प्रत्यक्षात सहा फूट दोन इंच आहे. आमच्या सोसायटीत राहायला आला असता तर दिवाळीत सगळ्या विंगांचे आकाशकंदील त्याच्याकडूनच लावून घेतले असते.

पहिल्या दिवशी सकाळी साडेसहाला कोर्टवर पोचलो. शिबिराचा टी-शर्ट मिळाला. सगळ्यांत लहान मापाचा. तो भाच्याच्या गुडघ्यापर्यंत आला. आत हाफ पँट आहे की नाही, हे फक्त वारा सुटला तरच कळत होतं.

मग सरांनी शिट्टी फुंकली आणि सगळ्या क्रीडाशिक्षकांना जन्मतः येणारं वाक्य उच्चारलं, "उंचीप्रमाणे उभे राहा!" भाचा तडक पुढे गेला. त्याचं बरोबरच होतं. आपल्याकडे शाळेत प्रार्थनेला रांग लागते ती बुटक्यापासून. वर्गाच्या फोटोत बुटका खाली मांडी घालून बसतो आणि इयत्ता-तुकडीची पाटी त्याच्या हातात देतात. पहिलीपासून आजतागायत या मुलाने रांगेत पुढे कुणाची पाठ पाहिलेली नव्हती. इथे रांग दुसऱ्या टोकाने होती. सरांनी त्याला खांद्याला धरून मागे, अजून मागे, अजून थोडं मागे असं करत जिथे नेलं, तिथून कोर्ट दिसत नव्हतं.

संघ पाडताना तर मौज झाली. दोन कॅप्टन आळीपाळीने मुलं निवडत होते. सगळी संपली, भाचा उरला. "तू घे." "नको, तू घे." "अरे घे ना, आमच्याकडे आधीच सहा आहेत." दुसऱ्यासाठी एवढा त्याग मी पुण्यात फक्त सोसायटीच्या सेक्रेटरीपदाच्या वेळी पाहिला आहे.

गट चौदा वर्षांखालचा होता. मी जरा निरखून पाहिलं. एकाचा आवाज फुटून घोगरा झालेला. दुसऱ्याच्या ओठांवर व्यवस्थित कोरलेली मिशी. तिसरा स्कूटर स्टँडला लावून किल्ली बोटाभोवती फिरवत आला; तो एखाद्या खेळाडूचा काका असावा असं मला वाटलं, तर तो सेंटरला खेळत होता. मोठ्या स्पर्धांत अशा वेळी मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात. शिबिरात फी भरल्याची पावती बघतात. अर्थात सगळ्यांवरच संशय घेणं बरं नाही. मुलगे वाढतात ते काही ठरलेल्या वेळापत्रकाने नाही. कुणी अकराव्या वर्षी सुटतो, कुणी पंधराव्या. त्यामुळे सातवीच्या एकाच बाकावर एक पोरगा आणि एक पुरुष शेजारी शेजारी बसलेले असतात आणि दोघांचाही जन्मदाखला अगदी खरा असतो.

पण भाच्याचा खरा शत्रू त्या मुलांत नव्हताच. तो दहा फुटांवर लोखंडी कडं होऊन लटकत होता.

हे दहा फूट आले कुठून, हा किस्सा सांगण्याजोगा आहे. डिसेंबर 1891. अमेरिकेत स्प्रिंगफील्ड गावी वायएमसीएच्या प्रशिक्षण संस्थेत जेम्स नाइस्मिथ नावाचे शिक्षक. बाहेर थंडी, आत व्यायामशाळेत कंटाळलेली अठरा धटिंगण मुलं. वरिष्ठांनी सांगितलं, पंधरवड्यात एखादा नवा खेळ शोधा. नाइस्मिथ यांनी शिपायाकडे दोन खोकी मागितली. शिपाई म्हणाला, खोकी नाहीत, पीचच्या टोपल्या आहेत. म्हणजे शाळेचं स्टोअर तिकडेही आपल्यासारखंच. आपण मागू ते सोडून सगळं शिल्लक. मग त्या टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. कठडा जमिनीपासून दहा फुटांवर होता म्हणून टोपली दहा फुटांवर. ना अभ्यास, ना समिती, ना ठराव. टोपल्यांना बूड होतं, त्यामुळे गोल झाला की कुणीतरी शिडी लावून चेंडू काढायचा.

त्या इमारतीच्या गवंड्याने सज्जा दोन फूट खाली घेतला असता तर आमच्या घराण्याचं भवितव्य वेगळं असतं. लहान मुलांसाठी आठ-साडेआठ फुटांची रिंग असते, नाही असं नाही. पण ती आहे त्या कोर्टवर लावायची तर पान्हा लागतो, आणि पान्हा ज्यांच्याकडे असतो ते सुट्टीवर असतात. आणखी एक गंमत पाहा. थंडीत बाहेर खेळता येत नाही म्हणून छपराखाली काढलेला हा खेळ आपण वैशाखात उघड्या सिमेंटवर खेळतो. साडेनऊनंतर त्या कोर्टवर पडलेलं पोर रडत नाही. ते आधी उठतं, मग रडतं.

घरी मात्र वेगळंच शिबिर सुरू झालं होतं. भाच्याची उंची हा आमच्या मजल्याचा सार्वजनिक विषय झाला. समोरच्या काकूंनी अश्वगंधा आणून दिली. वरच्या मजल्यावरच्या काकांनी ताडासन शिकवलं, ते स्वतः पाच फूट दोन इंच आहेत आणि तीस वर्षं ताडासन करतात. बायकोने खजूर, अंडी, नाचणीचं सत्त्व असा मारा चालवला. "मामी, पोट वाढतंय फक्त," असं तो एकदा म्हणाला, तर "आधी आडवं वाढतं, मग उभं" हे उत्तर मिळालं. कुणीतरी सांगितलं, रोज लोंबकळ. म्हणून तो जिन्याच्या दाराच्या चौकटीला लोंबकळायला लागला. आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस त्या दिवसांत पायांना नमस्कार करूनच आत आला. आणि जो येई तो जाताना त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणे, "मूर्ती लहान पण कीर्ती महान, काय?" या म्हणीची मला तेव्हापासून शिसारी बसली आहे. उंच माणसाला कुणी "मूर्ती मोठी, आता कीर्तीचं बघ" असं म्हणताना ऐकलंय?

प्रेरणेचं खातं माझ्याकडे आलं. मी त्याला मग्सी बोग्सची चित्रफीत दाखवली. बाल्टिमोरचा मग्सी बोग्स, उंची पाच फूट तीन इंच, एनबीएच्या इतिहासातला सर्वांत बुटका खेळाडू. 1987 मध्ये वॉशिंग्टनच्या संघाने त्याला पहिल्या फेरीत बारावा निवडला. त्याच संघात तेव्हा सुदानचा मनुट बोल होता, उंची सात फूट सात इंच. दोघांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो पाहिला की छायाचित्रकाराने कॅमेरा उभा धरावा की आडवा, हे त्याला कसं ठरवता आलं असेल याचं कोडं पडतं. मग्सी चौदा मोसम खेळला. 1993 मध्ये त्याने पॅट्रिक यूइंगचा, म्हणजे सात फुटी माणसाचा, शॉट अडवला. मी हे सगळं चढत्या आवाजात सांगितलं.

भाच्याने शांतपणे बोटं मोजली. "मामा, म्हणजे जगातला सगळ्यांत बुटका खेळाडू व्हायचं तरी मला अजून दहा इंच वाढावं लागेल?"

गणित बरोबर होतं. मी विषय मायकेल जॉर्डनकडे नेला. जॉर्डनला शाळेच्या संघातून काढून टाकलं होतं, ही कथा प्रत्येक प्रेरणादायी व्याख्यात्याच्या खिशात असते. त्यात थोडं कमी-जास्त आहे. काढून टाकलं नव्हतं, शाळेच्या मुख्य संघाऐवजी कनिष्ठ संघात ठेवलं होतं, आणि मुख्य संघातली जागा मिळाली ती त्याच्याच वर्गातल्या सहा फूट सात इंचांच्या मित्राला. तेव्हा जॉर्डन पाच फूट दहाच्या आसपास होता. पुढे 1980 च्या उन्हाळ्यात तो पिट्सबर्गजवळच्या फाइव्ह-स्टार शिबिरात गेला आणि तिथे देशभरातल्या प्रशिक्षकांच्या डोळ्यांत भरला. उन्हाळी शिबिराने माणूस घडतो, याचा एवढा बिनतोड पुरावा दुसरा नाही.

"मग तो बुटकाच राहिला?" भाच्याने विचारलं.

"नाही. सहा फूट सहा इंच झाला."

"हां."

त्या "हां"मध्ये जे होतं ते व्याख्याते कधीच सांगत नाहीत. नंतर जॉर्डन उंच झाला, ही त्या कथेतली सगळ्यांत महत्त्वाची घटना टाळ्यांच्या आवाजात बुडून जाते. मी प्रेरणेचं खातं बंद केलं.

ज्याने खरं काम केलं ते होते सर. सर साठीच्या पुढचे, मूळचे मुंबईचे, नागपाड्यात वाढलेले. नागपाडा म्हणजे आपल्याकडच्या बास्केटबॉलचं पंढरपूरच. तिथे 1927 मध्ये क्लिफर्ड मॅनशार्ट नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याने नेबरहूड हाउस सुरू केलं, आणि पुढे त्या दाट वस्तीच्या गल्ल्यांतून भारतीय संघाला खेळाडू मिळत गेले. अब्बास मुंतसिर तिथलेच. भारताचे कर्णधार, 1970 चे अर्जुन पुरस्कारविजेते, आणि हिंदी चित्रपटांतही दिसलेले. तिथली पोरं काही ताडमाड नव्हती, पण त्यांच्या अंगावर जायला ताडमाड पोरं कचरायची, असं सर सांगत. 1980 च्या मॉस्को ऑलिंपिकला भारताचा बास्केटबॉल संघ पहिल्यांदा आणि आजवर एकदाच गेला. बारा संघांत बारावा आला. यावर कुणी फिस्सकन हसलं तर सर म्हणत, "बाराव्यालाही ऑलिंपिकचा ब्लेझर मिळतो. तू शाळेच्या संघाचा स्वेटर तरी आण."

भाच्याचा खेळ त्यांनी काही वेळ हाताची घडी घालून पाहिला. चेंडू त्याच्या छातीपर्यंत उसळत होता आणि कुणीही येऊन तो झाडावरच्या चिंचेगत काढून नेत होता. सरांनी त्याला बोलावलं. "हा मजला तुझा नाही," ते त्याच्या छातीपाशी हात आडवा धरून म्हणाले. मग हात गुडघ्याच्या खाली नेला. "हा तुझा. इथे भाडं पण नाही. इथे कोण येणार वाकून?"

मग ड्रिबल सुरू झालं. एवढं बुटकं ड्रिबल मी आयुष्यात पाहिलेलं नाही. चेंडू जमिनीपासून वीतभर उठायचा आणि परत खाली. टप टप टप टप असा सलग आवाज, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. आधी उजव्या हाताने, मग डाव्या, मग दोन चेंडू दोन हातांनी. मग मान वर. चेंडूकडे पाहिलं की सर शिट्टी मारायचे आणि बोटं दाखवून विचारायचे, "किती?" चेंडू न बघता बोटं मोजायची. सुरुवातीला चेंडू त्याच्याच पायावर आपटून पळत सुटायचा आणि तो चेंडूमागे. कोर्टच्या कडेला असलेल्या गटारात त्या दोघांची बऱ्याचदा भेट झाली. घरी हे सगळं पार्किंगमध्ये चाले. तळमजल्यावरच्या कुलकर्ण्यांनी दुपारच्या झोपेची लेखी तक्रार दिली. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर "चेंडू आपटू नये" अशी सूचना लागली. भाच्याने ती वाचली आणि चेंडू आणखी खाली, दोन बोटांवर आणला. आवाज अर्धा झाला. कुलकर्ण्यांनी नकळत त्याला मोठं केलं, असं म्हणायला हरकत नाही.

शॉटचा प्रश्न उरला. समोर कुणीही हात वर केला की भाच्याला रिंग दिसणं बंद. यावर सरांनी व्यायामशाळेतून जळमटं काढायचा लांब दांड्याचा झाडू आणला. ते रिंगसमोर झाडू वर धरून उभे राहिले. "याच्यावरून टाक." चेंडू एका हाताने, पळता पळता, उंच तरंगत सोडायचा; झाडूच्या वरून जाऊन तो थेट रिंगच्या पोटात उतरला पाहिजे. यालाच फ्लोटर म्हणतात. पहिल्या दिवशी चेंडू झाडूतच गेला. सलग गेला. कधी सरांच्या टोपीवर गेला. रिंगवर कधीच नाही गेला. पण त्या झाडूला एक गुण होता, तो हसत नव्हता. आसपासची मुलं हसायची, बाकड्यावरचे पालक तर मोकळेपणी हसायचे. भाचा झाडूकडे बघून चेंडू टाकत राहिला. हळूहळू चेंडू झाडूच्या कुंच्याला पुसटसा घासून पुढे जायला लागला. झाडूचे केस गळू लागले. पुढे एक सकाळ अशी आली की चेंडू कशालाच न लागता वर गेला, तिथे जरा रेंगाळला आणि जाळीतून खाली आला. सरांनी झाडू खाली घेतला, त्याच्या विरळ झालेल्या कुंच्याकडे पाहिलं आणि शिपायाला म्हणाले, "नवीन आण रे."

एवढं जमलं तरी ट्रॅव्हलिंग काही सुटेना. चेंडू हातात घेतल्यावर दोनच पावलं टाकता येतात. लांब टांगांची पोरं दोन पावलांत अर्धं कोर्ट पार करायची. याची दोन पावलं म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातलं ओट्यापासून फ्रीजपर्यंतचं अंतर. मग तिसरं पडायचंच. शिट्टी. तो घरी आला तो चिडूनच. माझ्या आईने त्याला जवळ घेतलं. "अरे सोन्या, वामनसुद्धा एवढाच होता. तीन पावलांत त्रिभुवन घेतलं त्याने."

भाच्याने क्षणभर विचार केला. "आजी, तीन पावलं म्हणजे ट्रॅव्हल झालं."

"काय झालं?"

"फाउल गं. दोनच अलाउड आहेत. तिसऱ्याला बॉल समोरच्याला मिळतो. बळीला मिळाला पाहिजे होता."

हा मुद्दा आजवर एकाही कीर्तनकाराने मांडल्याचं मला आठवत नाही. शुक्राचार्य तिथे हजर होते, त्यांनी हरकतही घेतली, पण त्यांच्याकडे शिट्टी नव्हती. शिट्टी असती तर आपल्याला दर दिवाळीला "बळीचं राज्य येवो" असं म्हणावं लागलं नसतं. ते गेलंच नसतं. मी जरा वाचून ठेवलं होतं, म्हणून वामनाची बाजू घेतली. म्हटलं, 2017 मध्ये आंतरराष्ट्रीय नियम बदलला. चेंडू हातात येताना जे पाऊल जमिनीवर असेल ते शून्य धरायचं, त्यानंतर एक आणि दोन. म्हणजे मिळून तीन होतात. वामन नियमातच होता.

"मामा, ते पळत असलास तर," भाचा म्हणाला. "उभा असलास तर झिरो स्टेप नसते. वामन उभा होता ना आजी?"

"उभाच होता," आई म्हणाली. "छत्री घेऊन."

"मग ट्रॅव्हलच. आणि शिवाय तो नंतर मोठा झाला ना?"

"हो तर! आकाशाएवढा."

"मग ते तर एज ग्रुपचं फ्रॉड आहे."

आईने त्या दिवसानंतर त्याला ध्रुवाची गोष्ट सांगायला घेतली. ध्रुवात पावलं नाहीत.

कोर्टच्या कडेला पालकांची एक वेगळीच स्पर्धा चालू असे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते इथे पत्र्याच्या बाकड्यावरून, थर्मासमधला चहा पीत चाले. "जंप कर, जंप!" हे ओरडणारे बाबा स्वतः गाडीतून उतरताना दाराला धरून उतरत. एक आई मुलाच्या प्रत्येक चुकीनंतर सनस्क्रीनची बाटली घेऊन कोर्टमध्ये शिरायची. एक आजोबा सरांना रोज क्रिकेटमधले दाखले देत. उंच मुलांच्या पालकांना त्यांच्या उंचीचा मोठा अभिमान, ती त्यांनी स्वतः रात्री जागून वाढवली असावी इतका. ते आमच्याकडे पाहून हळहळत. "छान खेळतो हो तुमचा. चिकाटी आहे. बुद्धिबळाला घाला."

शेवटच्या आठवड्यात सामने झाले. आता इथे भाच्याने अखेरच्या सेकंदाला अर्ध्या कोर्टवरून चेंडू टाकून सामना जिंकला, असं लिहायची सोय होती. तसं झालं नाही. भाच्याचा संघ हरला. भाच्याने दोन गुण केले, त्यातला चेंडू आधी बोर्डला लागला, मग रिंगला, मग मिशीवाल्याच्या हाताला, आणि मग कंटाळून आत गेला.

पण चेंडू चोरण्यात मात्र त्याने कहर केला. मी जवळून पाहिलं ते असं. स्कूटरवाला सेंटर चेंडू घेऊन ऐटीत येतो. त्याचं ड्रिबल त्याच्या कमरेपर्यंत. ती कंबर भाच्याच्या बरगड्यांपाशी. म्हणजे चेंडू प्रत्येक वेळी भाच्याच्या हातांसमोर येऊन हजेरी लावून जातोय. स्कूटरवाला वर बघतोय, पास कुठे द्यायचा ते शोधतोय. भाचा जमिनीलगत त्या चेंडूच्या उसळीचा ठेका मोजतोय, ओठ हलताना दिसतायत. एक, दोन, आणि तिसऱ्या टप्प्याला चेंडू वर गेलाच नाही. हात हवेत चेंडूची वाट पाहत राहिला आणि चेंडू टप टप करत दुसऱ्या टोकाला. शिट्टी नाही, धक्का नाही, काही नाही. स्कूटरवाल्याने चारही बाजूंना पाहिलं, खाली सोडून. मग पंचांकडे हात पसरून म्हणाला, "सर, तो मला दिसलाच नाही!"

"दिसला नाही हा फाउल नाही," सर म्हणाले.

मग हे पुन:पुन्हा झालं. मिशीवाल्याचं झालं, घोगऱ्या आवाजाच्या मुलाचं झालं. दुसऱ्या सामन्यापर्यंत उंच पोरं वाकून ड्रिबल करायला लागली. वाकली की त्यांना रिंग दिसेना. त्यांची कंबर दुखायला लागली. "जंप कर" ओरडणारे बाबा "खाली बघ, खाली बघ, आला, आला!" असं ओरडायला लागले. ते एवढे घाबरून ओरडत की बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, कोर्टवर साप निघाला. आणि पुढच्या सरावाला संघ पाडताना पहिल्या कॅप्टनने पहिलंच नाव भाच्याचं घेतलं. मुलांना उंचीचं एवढं काही नसतं. ती त्यांना शिकवावी लागते, आणि शिकवायला आम्ही बाकड्यावर बसलेलोच असतो.

समारोपाला प्रमाणपत्रं मिळाली. सगळ्यांना सारखी, एकाच छापाची. ताईने फोनवर पहिला प्रश्न विचारला, "वाढली का रे?" मी दाराच्या चौकटीवर पेन्सिलने खूण करून मोजलं होतं. काही नाही. केस कापल्यामुळे उलट थोडी कमीच भरली. "चेंडू फार छान चोरतो," मी म्हणालो. पलीकडे बराच वेळ शांतता. चोरी हा शब्द आमच्या घरात एवढ्या कौतुकाने पूर्वी कधी उच्चारला गेला नव्हता.

शाळा उघडायला अजून अवकाश होता म्हणून भाच्याने दुसऱ्या तुकडीलाही नाव घातलं. आता तो तिथला जुना खेळाडू. नव्या मुलांना टी-शर्ट कुठे मिळतो, पाणी कुठे असतं, कुठल्या सरांपासून सांभाळायचं, हे तो कमरेवर हात ठेवून सांगू लागला. त्याचं ड्रिबलही जरा वर आलं होतं. मोठ्या माणसांचं येतं तसं. त्या तुकडीत एक नऊ-दहा वर्षांची चिमुरडी आली. दोन वेण्या, पुढचे दोन दात गायब, आणि शिबिराचा तोच सगळ्यांत लहान टी-शर्ट तिच्या थेट पोटऱ्यांपर्यंत.

त्या सकाळी भाचा घरी आला तो बूट भिरकावतच. बायकोने सरबत पुढे केलं, ते घेतलं नाही.

"काय झालं रे?"

"काही नाही. सर कुणालाही घेतात. एवढ्याशा पोरांना घेतातच कशाला मोठ्यांच्यात?"

"का? लागलं का कुणाला?"

"लागलं नाही," भाचा म्हणाला. "तीन वेळा बॉल नेला तिने. मामा, खरं सांगतो, ती दिसतच नाही! हा फाउल पाहिजे ना?"